सम कुठे पडते ते आधी ठरवा: दूर बसून बदलत्या लयीचा वाद्यट्रॅक करताना

"सातात करू या", म्हणजे सात मात्रांच्या तालात, एवढंच चौघांनी फोनवर ठरवलं की घोटाळ्याची सुरुवात झालीच म्हणून समजा. तबलजीच्या मनात सात म्हणजे रूपक, 3+2+2. ड्रमरच्या हातात तेच सात 2+2+3 बसलेले असतात. दोघंही आपापल्या घरी क्लिकवर (मेट्रोनोमच्या ठोक्यावर) अचूक वाजवतात, दोन्ही टेक, म्हणजे रेकॉर्डिंगं, एकेकटे ऐकले तर निर्दोष वाटतात, आणि एकावर एक ठेवले की सगळं घसरल्यासारखं ऐकू येतं. दोष कोणाच्याच हाताचा नसतो. सातची फोड कोणी लिहूनच ठेवलेली नसते.

वेगवेगळ्या गावी बसून प्रायोगिक वाद्यसंगीत करणाऱ्या नवख्यांचा बहुतेक वेळ मायक्रोफोन आणि प्लगिन निवडण्यात जातो. आमच्या मते पहिले दोन दिवस लयीचा नकाशा, म्हणजे कुठे कोणता ताल, किती वेग आणि किती आवर्तनं (तालाच्या पूर्ण फेऱ्या) हे सगळं लिहून काढण्यात घालवावेत, आणि तो एकाच माणसाच्या ताब्यात असावा. बाकी सगळं नंतर दुरुस्त होतं, नकाशा चुकला तर टेक फेकून द्यावे लागतात.

एकाच वेळी नेटवरून वाजवता येईल का, हा प्रश्न पहिल्याच बैठकीत निघतो. दोघं एकत्र वाजवताना आवाज पोचायला साधारण 25-30 मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला की लय मागे ओढली जाते. पुणे-मुंबई असं जवळचं अंतर, दोन्हीकडे तारेचं इंटरनेट आणि जमुलस किंवा सोनोबससारखं सॉफ्टवेअर असेल, तर जमू शकतं. पुणे-टोरांटो जमणार नाही. सुमारे 12,500 किलोमीटरचं अंतर कापायला फायबरमधल्या प्रकाशालाच एका बाजूने 60 मिलिसेकंदांच्या वर लागतात, त्याला कोणतंही सॉफ्टवेअर काही करू शकत नाही. निंजॅम या सॉफ्टवेअरची युक्ती वेगळी आहे, तिथे समोरच्याचं वाजवणं ठरलेल्या मात्रांच्या एका फेरीने उशिरा ऐकू येतं. पण ती फेरी कायम असावी लागते. सातातून दहात जाणाऱ्या रचनेला ती सोय उपयोगाची नाही. म्हणजे टेक पाठवत काम करायचं, हाच मार्ग उरतो.

आता नकाशा. एक खरा हिशेब घेऊन बघू.

वेग 96 बीपीएम (मिनिटाला ठोके), क्वार्टर नोटला. तबल्याची मात्रा आपण त्याच्या निम्म्या एट्थ नोटला धरू, म्हणजे एक मात्रा 0.3125 सेकंदाची. हे कागदावर स्पष्ट लिहाच. कोणी 96 हा आकडा मात्रेचा समजला तर त्याचं आवर्तन दुप्पट लांब होतं, आणि ही चूक पहिल्या फाइलीतच येते. सुरुवातीला मोजणीसाठी सात मात्रांची दोन रिकामी आवर्तनं: 4.375 सेकंद. मग भाग अ, 7 मात्रा 3+2+2, 16 आवर्तनं, 35 सेकंद. भाग ब, 10 मात्रा, झपतालाची फोड 2+3+2+3, 8 आवर्तनं, 25 सेकंद. भाग क, 128 बीपीएम, 4/4 (एका बारात चार ठोके), 16 बार, 30 सेकंद. यावरून क चा पहिला ठोका 1 मिनिट 4.375 सेकंदांवर पडतो. हा आकडा सगळ्यांना पाठवा. नकाशा आपल्या सॉफ्टवेअरमध्ये उघडल्यावर प्रत्येकाने पहिल्यांदा एवढंच तपासायचं, क बरोबर तिथेच सुरू होतो का. होत नसेल तर वाद्याला हात लावू नका.

नकाशा मिडी फाइल (आवाज नसलेली, नुसत्या सूचनांची फाइल) म्हणून काढला की टेम्पो आणि तालाची चिन्हं त्यात जातात. रीपर, लॉजिक, क्युबेस, आर्डर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरपैकी कोण काय वापरतं याने मग फारसं बिघडत नाही. एक अडचण मात्र आहे. मिडीत टेम्पो पायऱ्यापायऱ्यांनीच बदलतो. हळूहळू चढणारी लय प्रत्येक सॉफ्टवेअर आपल्या पद्धतीने वळवतं, आणि आठ मात्रांच्या चढात दोन मशिनांवर वेगळी जागा निघू शकते. रचनेत असा चढ असेल तर क्लिकची वेव्ह फाइल हीच प्रमाण धरा. मिडी फक्त बारच्या रेघा दिसण्यापुरती.

त्या क्लिकबरोबर आणखी एक फाइल द्यावी, आणि आमच्या अनुभवात सगळ्यात जास्त उपयोग तिचाच होतो: पढंत, म्हणजे तालाचे बोल तोंडाने म्हणणं. कोणीतरी एकाने संपूर्ण रचनेची पढंत क्लिकवर म्हणून ठेवायची. सातासाठी "तकिट तक तक", झपतालासाठी ठेक्याचे बोल, "धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना". भाग बदलायच्या दोन आवर्तनं आधी "आता ब" असं तोंडाने सांगायचं. नोटेशन न वाचणाऱ्या गिटारवाल्यालाही तकिट तक तक ऐकून 3+2+2 एका फेरीत कळतं, आणि परदेशात वाढलेल्या सिंथवाल्याला झपतालाची पाचानंतरची कूस कानाने समजते. क्लिकचे सूरही वेगळे ठेवा: समेला, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेला, एक, विभागाच्या सुरुवातीला दुसरा, उरलेल्या मात्रांना हलका तिसरा. रूपकात सम खालीवर (टाळी न देता मोजायच्या जागेवर) असते, म्हणून तिथे समेला फार जड ठोका दिला की तबलजीचा हात उगाच जड पडतो. समेचा सूर वेगळा असू द्या, आवाज मोठा नको.

ब मधून क मध्ये जाण्याची जागा या रचनेचा प्राण आहे, तेव्हा तिथे थोडं थांबू. 96 वरून 128 हा आकडा असाच उचललेला नाही. जुन्या लयीतली दीड मात्रा म्हणजे नव्या लयीतला एक ठोका, दोन्ही 0.46875 सेकंदाचे. ऐकणाऱ्याला हे कळावं म्हणून क येण्याआधीच एखाद्या वाद्याने दीड-दीड मात्रांचे ठोके धरायला हवेत. पण केव्हापासून? दहा मात्रांना दीडाने भाग जात नाही, वीस मात्रांनाही नाही. तीस मात्रांना जातो, बरोबर वीस वेळा. म्हणून शेवटची तीन आवर्तनं उरली की त्या समेवर बासने दीड मात्रेची चाल सुरू करायची. तबला झपतालातच राहतो, बास मात्र क चे पाच बार आधीच वाजवत असतो, आणि दोघं 1:04.375 ला एका समेवर येतात. दोन आवर्तनं आधी सुरू केलं तर अर्धी मात्रा उरते, सुमारे 156 मिलिसेकंद. मग कोणीतरी एडिट करताना ती ढकलून बसवतो आणि ती जागा कायम ठेचकाळत राहते.

तबल्याला तिथे तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं, हवीच असते. शेवटच्या आवर्तनात अर्ध्या मात्रेच्या वीस जागा आहेत आणि शेवटचा बोल क च्या समेवर पडायला हवा, म्हणजे एकूण 21. सात-सात-सात केलं तर बेदम तिहाई, मध्ये न थांबता. पाचाचा पल्ला आणि मध्ये तीन-तीन जागांचा दम घेतला तर दमदार, 5+3+5+3+5. दोन्ही समेपासून सुरू होतात. कोणती घ्यायची ते रेकॉर्डिंगच्या आधी सांगून ठेवा, कारण दमदार तिहाईतल्या मोकळ्या जागेत सिंथ किंवा गिटार उत्तर देऊ शकते, बेदमात ती जागाच नसते.

इथून एक नियम आपोआप निघतो: टेक भागाच्या सीमेवर कापायचा नाही. तिहाईचा शेवटचा "धा" क च्या हद्दीत पडतो. ब चा टेक 1:04.375 ला थांबवला की तो धाच कापला जातो. प्रत्येक भाग दोन आवर्तनं आधीपासून वाजवा आणि पुढचं निदान एक आवर्तन संपेपर्यंत थांबू नका. असं केलं नाही तर बदलाच्या जागी श्वास ऐकू येत नाही, नुसती चिकटपट्टी ऐकू येते.

रेकॉर्डिंगपुरतं थोडक्यात. ब्लूटूथ हेडफोन अजिबात नको. त्यात 100-200 मिलिसेकंदांचा उशीर सहज असतो. बंद कपाचे तारेचे हेडफोन घ्या आणि क्लिक जेमतेम ऐकू येईल एवढाच ठेवा, नाहीतर बासरीच्या शांत जागेत तो माइकमध्ये टिकटिकतो आणि निघत नाही. ऑडिओ इंटरफेसचा उशीर एकदा मोजून घ्या: आउटपुटमधून इनपुटमध्ये तार जोडा, क्लिक त्यातून रेकॉर्ड करा, मूळ क्लिक आणि रेकॉर्ड झालेला क्लिक यांत किती सॅम्पलचा फरक पडला ते बघा. 48 किलोहर्ट्झला 48 सॅम्पल म्हणजे 1 मिलिसेकंद. तो आकडा सॉफ्टवेअरच्या रेकॉर्डिंग ऑफसेटमध्ये भरा. पाच जणांनी एकमेकांच्या टेकवर वाजवलं आणि प्रत्येकाचा 8 मिलिसेकंदांचा उशीर तसाच राहिला, तर शेवटचा माणूस 40 मिलिसेकंद मागे पडतो. म्हणून दुसऱ्याचा टेक ऐका जरूर, पण लय क्लिकचीच धरा.

सूरही लिहूनच कळवा. "काळी एक" म्हटलं की इथल्या वादकाला कळतं, टोरांटोतल्या गिटारवाल्याला सी शार्प सांगावं लागतं, आणि सोबत ए 440 की 442 हेही. पावसाळ्यात तबल्याची शाई आणि पुडी दमट होऊन सूर उतरतो, म्हणून दर टेकआधी दहा सेकंद तंबोरा लावून ठोका घ्या आणि तो तुकडा जपून ठेवा.

फाइली पाठवताना एकच पद्धत पाळा. 48 किलोहर्ट्झ, 24 बिट वेव्ह, इफेक्टविना, सर्वांत मोठा ठोका -12 ते -6 डीबीच्या दरम्यान. प्रत्येक फाइल शून्य सेकंदापासून सुरू, वाद्य शेवटच्या भागातच वाजत असलं तरी. शेवटी पाच सेकंद मोकळी शेपटी. या रचनेची एक मोनो फाइल मग सुमारे 14 एमबीची होते, आणि सगळ्यांच्या मोनो फाइली जवळजवळ सारख्याच आकाराच्या निघतात. एखादी 13.5 च्या खाली दिसली की ऐकण्याआधीच विचारा, बहुतेक वेळा सुरुवातीची शांतता कापलेली असते किंवा फाइल 44.1 ची असते. 44.1 ची फाइल रूपांतर न करता 48 वर वाजली तर जवळजवळ 9 टक्के जलद आणि सुमारे दीड सेमिटोनने वर ऐकू येते. व्हॉट्सॲपवर पाठवायचीच असेल तर ऑडिओ म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. एमपी 3 वर वाजवू नका. त्या फाइलीच्या सुरुवातीला एन्कोडर काही मिलिसेकंदांची रिकामी जागा भरतो आणि पुढचं सगळं तेवढंच सरकतं.

नकाशा मध्येच बदलतो. बदलू द्यावा, प्रयोग म्हणतात तो त्यालाच. समजा ब नंतर दोन मात्रांचा थांबा हवासा वाटला. फाइली हाताने सरकवत बसू नका. नकाशाची नवी आवृत्ती काढा आणि एका ओळीत सगळ्यांना कळवा: "आवृत्ती 3, ब नंतर 2 मात्रा वाढल्या, क आता 1:05.000 ला." फाइलीच्या नावात नकाशाचा आवृत्ती क्रमांक हवाच. जुन्या नकाशावरचा टेक नव्यात आला की तो 0.625 सेकंद आधी येतो. हे प्रमाण एवढं आहे की कानाला चूक न वाटता मुद्दाम केल्यासारखं वाटू शकतं, आणि आठवडाभर कोणी बोलतच नाही.

लय नसलेला भाग, आलापासारखा किंवा नुसत्या नादाचा, नकाशाबाहेर ठेवू नका. तिथे 60 बीपीएम टाका. मग एक ठोका म्हणजे एक सेकंद, आणि "बाविसाव्या सेकंदाला गिटारने उतरायचं" असं सांगता येतं.

अभिप्राय देताना "थोडं घाईत वाटतंय" याचा दूर बसलेल्याला काही उपयोग नसतो. "ब, आवर्तन 5, मात्रा 6, खालीचा ती लवकर" असं लिहा. बोलायचंच असेल तर झूमवर ओरिजिनल साउंड चालू करा. नाहीतर आवाज स्वच्छ करण्याची यंत्रणा तबल्याचे ठोके गोंगाट समजून गिळते. भारतातली रात्रीची आठची वेळ उन्हाळ्यात टोरांटोच्या सकाळी साडेदहाला जुळते, हिवाळ्यात साडेनऊला.

श्रेय आणि वाटणीचा कागद पहिल्या मिक्सच्या आधी करा. रचना कोणाची, वादन कोणाचं आणि ध्वनिमुद्रणाची मालकी कोणाकडे, हे तीन वेगळे रकाने. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात संगीतरचनेचा कर्ता संगीतकार असतो आणि ध्वनिमुद्रणाचा कर्ता निर्माता, म्हणजे एकाच ट्रॅकवर दोन वेगळे हक्क उभे राहतात. अशा कामात नकाशा करणारा बहुधा कोणतंच वाद्य वाजवत नाही, आणि त्याचं नाव राहून जातं. 3+2+2 मधून दीड मात्रेच्या वाटेने 128 वर जाणं ज्याने शोधलं, त्याने रचनाच केली आहे. त्याचं नाव रचनेच्या रकान्यात लिहा.