जुन्या ट्रकचा सनव्हायझर मान टाकतोय? या चुका टाळा

संभाजीनगरहून सकाळी जालन्याकडं निघालं की सूर्य समोर, आणि संध्याकाळी परत फिरलं की पुन्हा सूर्यच समोर. जुनी टाटा १२१० घेऊन हा रस्ता करणाऱ्याला सनव्हायझरची किंमत सांगावी लागत नाही. खड्ड्यात चाक गेलं की व्हायझर धाडकन डोळ्यांसमोर येतो, मग एक हात स्टेअरिंगवर आणि एक हात त्याला धरायला. (केबिनच्या कपाळावर ‘आई तुळजाभवानी प्रसन्न’ रंगवलेला असतो तो बाहेरचा व्हायझर वेगळा. इथं आतल्याबद्दल बोलतोय.)

हाताचं काम अर्ध्या तासाचंच आहे. चूक होते ती कुठं ढिलं आहे हे न बघताच स्क्रू ड्रायव्हर उचलण्यात. आधी एका हातानं व्हायझरची दांडी ब्रॅकेटजवळ घट्ट धरा आणि दुसऱ्या हातानं ऊन अडवणारी फळी हलवा. ब्रॅकेटच पत्र्यापासून हलत असेल तर स्क्रूची भोकं गेली. ब्रॅकेट पक्कं, पण दांडी त्यात डुगडुगते, तर सांधा ढिला. दांडी जागची हलत नाही आणि फळी तेवढी गळून पडते, तर दांडीला पकडणारी आतली स्प्रिंगची क्लिप थकली. तिन्हींचे इलाज वेगळे आहेत. क्लिप गेलेली असताना बाहेरचे स्क्रू कितीही आवळा, फरक शून्य.

स्क्रूची भोकं हे आपल्याकडच्या गाड्यांचं खास दुखणं. पूर्वी कितीतरी ट्रक नुसती चासी म्हणून यायचे आणि केबिन बॉडीवाल्याकडं बांधली जायची, आत लाकडाचा सांगाडा आणि वरून पत्रा. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, बंद केबिनमध्ये त्याहून जास्त. लाकूड वर्षानुवर्षं सुकतं, आकसतं, आणि स्क्रू नुसताच गरगर फिरायला लागतो. इथं बहुतेक जण त्याच भोकात जाडा, लांब स्क्रू ठोकतात. मीही ठोकला होता, मे महिन्यात. पहिल्या पावसात मांडीवर थेंब पडायला लागले तेव्हा कळलं, स्क्रूचं टोक टपाचा पत्रा फोडून वर निघालंय. स्क्रू काढला तर भोक राहिलं, ते बुजवायला पुन्हा वेगळा खर्च.

लाकूड असेल तर सागाची बारीक कपची फेव्हिकॉल लावून भोकात ठोका, रात्रभर सुकू द्या, वरचं टोक कापा, बारीक ड्रिल मारा आणि मग जुन्याच मापाचा स्क्रू बसवा. काडेपेटीच्या काड्या कोंबू नका, चार खेपांत त्यांचा भुगा होतो. पत्र्याला आटे उरले नसतील तर रिव्हेट नट (पत्र्यात रिव्हेटसारखा पक्का बसणारा, आत आटे असलेला नट) बसवून घ्या. ड्रिलच्या बिटाला किती खोल जायचं तिथं टेप गुंडाळा. केबिनच्या दिव्याची वायर त्याच बाजूनं गेलेली असू शकते, तीही आधी पाहा.

दांडी ब्रॅकेटमध्ये डुगडुगत असेल तर बहुतेक जुन्या ब्रॅकेटना खाली नट आणि स्प्रिंग असते. तो नट थोडा आवळायचा, पण दांडी हातानं फिरली पाहिजे. नट सारखा सुटत असेल तर नायलॉक नट टाका, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला, हादऱ्यानं न सुटणारा. दुकानात मात्र नीट बोला. मी ‘वायझर’ मागितला आणि पोरानं कागदात बांधून डझनभर ‘वायसर’ दिले! घरी येऊन पुडी सोडल्यावर समजलं.

आणि तेल? अजिबात नाही. करकर वाजतंय म्हणून क्लिनर दांडीवर ग्रीसचं बोट फिरवतो आणि दुसऱ्या दिवसापासून व्हायझर मान टाकतो. व्हायझर उभा राहतो तोच मुळी घर्षणावर. रॉकेलच्या फडक्यानं दांडी पुसा, कोरडी करा. थिनर लावू नका, रेक्झिन खराब होतं. गंज असेल तर पॉलिश पेपर हलका फिरवा, जास्त घासलं तर दांडी बारीक होऊन आणखी ढिली.

क्लिप गेली असेल तर कडेची शिलाई थोडी उसवून दांडी बाहेर ओढा आणि क्लिप पक्कडीनं अगदी थोडी दाबा. एकदम दाबली तर चिरते. गरम करून वाकवू नका, स्प्रिंगचा ताव जातो आणि उरतो मऊ पत्रा. क्लिप दाबूनही धरत नसेल तर दांडीवर इलेक्ट्रिशियनकडची हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आकसून घट्ट बसणारी नळी) चढवा. सायकलची ट्यूब किंवा काळी चिकटपट्टी उन्हात पाघळते, मग फळी हलवताना हात चिकट होतात. एम-सील लावलं तर व्हायझर जागचा हलणारच नाही, दुपारी तो उगाच समोर.

यापेक्षा मोठा गुन्हेगार मात्र वेगळाच असतो. फळीच्या दुसऱ्या टोकाला आधार देणारा काचेच्या मध्याजवळचा हूक. जुन्या गाड्यांत तो तुटून कधीचा हरवलेला असतो, मग सगळं वजन एकट्या ब्रॅकेटवर. त्यात व्हायझरमागं अख्खं आरटीओ ऑफिस: आरसी, विमा, परमिट, टोलच्या पावत्या, हिशेबाची वही, एक कंगवा, सगळं रबरबँडनं बांधलेलं. आधी हूक बसवा आणि कागदांची पिशवी सीटखाली ठेवा. हे न करता केलेली दुरुस्ती महिनाभर टिकते.

आतला हार्डबोर्डच मधोमध मोडला असेल तर फळी बदला. नवी आणायला जाताना जुनी बरोबर न्या. डावी-उजवी वेगळी असते आणि दांडीचा बाकही.

व्हायझर नको म्हणून समोरच्या काचेला काळी फिल्म लावायच्या फंदात पडू नका. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम १०० प्रमाणे पुढच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आत आला पाहिजे. काचेच्या वरच्या कडेला वर्तमानपत्र चिकटवणारेही पाहिलेत. त्यांना चौकातला सिग्नल दिसतो कसा, हे मला कधी कळलं नाही.