ड्रेनेज लाइन न खोदता दुरुस्त करताय? या चुका टाळा

सोसायटीची ड्रेनेज लाइन महिन्यातून दोनदा चोकअप व्हायला लागली की सभेत ठरलेला संवाद होतो. एक जण म्हणतो, "अंगण खोदावं लागणार." दुसरा पेव्हर ब्लॉकवर नुकताच झालेला खर्च काढतो. मग तिसरा मोबाइलवर व्हिडिओ दाखवतो: चेंबरमधून मऊ पिशवी आत जाते, फुगते, कडक होते आणि जुन्या पाइपात नवा पाइप तयार.

व्हिडिओत खोटं काही नाही. रेझिनमध्ये, म्हणजे नंतर घट्ट होणाऱ्या चिकट द्रवात भिजवलेलं अस्तर पाइपात घालून तिथेच कडक करायचं, हा प्रयोग एरिक वूड या इंग्रज इंजिनिअरने १९७१ साली लंडनच्या हॅकनी भागातल्या एका जुन्या विटांच्या गटारात पहिल्यांदा केला. तंत्र मुरलेलं आहे. पण ही पिशवी जुन्या पाइपच्या अंगाला चिकटून बसते. पाइप जिथे वळला, खचला, फुगला, तिथे अस्तरही तसंच बसणार. मी सोसायट्यांच्या लाइनची पाहणी करतो. फसलेली जी कामं पाहिली, त्यांतल्या बहुतेक ठिकाणी माल चांगलाच होता. घोळ झाला होता तो पिशवी आत जायच्या आधी.

कॅमेरा घालण्याआधी कोटेशन

ही सगळ्यात महागडी चूक. लाइन का तुंबते हे कुणालाच माहीत नसताना "मीटरला किती?" असा फोन होतो.

अस्तराने तडे बुजतात, सुटलेले सांधे बंद होतात, मुळांची वाट अडते. उतार मात्र सुधारत नाही. चार इंची लाइनला साधारण ४० फुटांना १ फूट आणि सहा इंचीला ६० फुटांना १ फूट उतार लागतो. खालचा भराव बसला की मधला पाइप खाली झुकतो; आमच्या भाषेत लाइनला पोट पडतं. तिथे पाणी साचतं, मैला बसतो, वर तेलकट गाळाचा थर चढतो. ठाण्यातल्या एका सोसायटीने अशा १८ मीटरच्या लाइनला अस्तर लावून घेतलं. दोन महिन्यांत तोच चेंबर पुन्हा भरला. कॅमेरा घातला तर गुळगुळीत, नवंकोरं अस्तर आणि त्यात चार इंच पाणी उभं. शेवटी तेवढाच तुकडा खोदून पुन्हा उतारात बसवला. अस्तराचे पैसे गेले ते गेलेच.

पोट ओळखणं अवघड नाही. लाइन जेटिंगने, म्हणजे जोरदार दाबाच्या पाण्याने धुऊन घ्या, वरच्या चेंबरमधून दोन-तीन बादल्या स्वच्छ पाणी सोडा, पाणी वाहून गेल्यावर कॅमेरा घाला. भिंग जिथे पाण्याखाली जातं, तिथे पोट. रेकॉर्डिंगमध्ये मीटरचा आकडा दिसलाच पाहिजे आणि ते चेंबर ते चेंबर सलग हवं. "लाइन खराब आहे" एवढं सांगणारी अर्ध्या मिनिटाची क्लिप कामाची नाही. पाइप पूर्ण ढासळला असेल तर कॅमेरा पुढे जात नाही आणि पिशवीही जाणार नाही. अशा जागी खड्डा करायचाच, पण तेवढ्याच जागी.

पाइप बर्स्टिंगचं कोटेशन आलं तर आणखी सावध राहा. त्यात जुना पाइप आतून फोडत त्याच वाटेने नवा ओढतात. दोन्ही टोकांना खड्डे लागतात, फुटलेला पाइप बाजूची माती रेटतो. लाइन उथळ असेल तर वरचे पेव्हर उचलले जातात, आणि शेजारून गॅसची लाइन किंवा विजेची केबल जात असेल तर काय होईल ते सांगायला नको.

अर्धवट सफाई

जुन्या सोसायट्यांत चिनी मातीचे, म्हणजे स्टोनवेअरचे पाइप असतात. एकेक तुकडा दोन फुटांच्या आसपासचा, म्हणजे दर दोन फुटांवर सिमेंटचा सांधा. पिंपळ, वड, उंबर यांना एवढी फट पुष्कळ होते. मुळं नुसती ओढून काढली की झुपका येतो, पण भिंतीला चिकटलेले खुंट राहतात. त्यावर अस्तर चढलं की तिथे टेंगूळ येतं आणि पुढे त्याच टेंगळाला कपडा, पॅड, केस अडकतात. मुळं कटरने पाइपच्या अंगालगत कापून पुन्हा कॅमेरा घाला, मगच रेझिन कालवू द्या.

अॅसिड ओतू नका. ते सिमेंटचे सांधे खातं, आणि दुसऱ्या दिवशी तिथे काम करणाऱ्याच्या नाकातोंडात वाफ जाते.

आणि चेंबरमध्ये माणूस उतरवू नका. "दोन मिनिटांचं काम आहे" म्हणत अजूनही उतरवतात. हायड्रोजन सल्फाइडचा कुजक्या अंड्यासारखा वास प्रमाण वाढलं की नाकाला येईनासा होतो, म्हणजे धोका वाढतो तसा इशाराच बंद पडतो. संरक्षणाशिवाय माणसाला गटारात उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि गटारात मृत्यू झाल्यास ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं आहे. जेटिंग, कॅमेरा, अस्तर ही सगळी कामं वरून होतात. कंत्राटदार "माणूस उतरवतो" म्हणाला तर कंत्राटदार बदला.

रविवारची सकाळ

सगळे घरी असतात म्हणून काम रविवारी सकाळी ठेवतात. सगळे घरी असतात म्हणूनच ती वेळ वाईट! नळाला पाणी आलेलं, प्रत्येक घरात मशीन लावलेलं. अस्तर कडक होईपर्यंत त्या लाइनमध्ये पाणी यायला नको. वरच्या चेंबरला प्लग मारून पंपाने पाणी पुढच्या चेंबरमध्ये टाकायची सोय नसेल, तर तळमजल्यावरच्या काकूंच्या मोरीतून ते उलटं येईल. व्हॉट्सअॅपवर टाकलेली सूचना पुरत नाही. चौथ्या मजल्यावर पाहुणे असतातच.

मोसमही बघा. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी तड्यांतून आत झिरपतं आणि ओलं रेझिन धुऊन नेतं. मे महिन्यात उलटं होतं: उन्हात ठेवलेलं रेझिन वेळेआधीच घट्ट व्हायला लागतं आणि पिशवी अर्ध्या वाटेत अडकते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. उन्हाळ्यातच करायचं असेल तर पहाटे, सावलीत, रेझिन बर्फावर ठेवून.

रेझिन पॉलिएस्टरचं असेल तर स्टायरिनचा उग्र वास येतो, तो न वापरलेल्या बाथरूममधून घरात शिरतो. कारण नहाणी ट्रॅपमधलं, म्हणजे जाळीखालच्या वाटीत साचून वास अडवणारं पाणी आटलेलं असतं. आदल्या रात्री प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओतायला सांगा, बंद फ्लॅटमध्येसुद्धा.

बंद झालेली जोडणी

दोन चेंबरच्या मध्येच एखादी जोडणी थेट लाइनला मिळालेली असते. अस्तर तिच्या तोंडावरून जातं आणि ती बंद होते. ती नंतर रोबोटिक कटरने आतून उघडावी लागते. म्हणून आधीच्या कॅमेऱ्यातच प्रत्येक जोडणीचं अंतर लिहून ठेवा. कोणती चालू आहे आणि कोणती कधीचीच बंद, हे रंगीत पाणी सोडून पाहा. कामानंतर एकाच विंगची मोरी भरायला लागली तर रॉड मारत बसू नका, आधी ही यादी तपासा.

काम झाल्यावर काय बघायचं

शेवटच्या कॅमेऱ्यात माथ्यावर बारीक सुरकुती दिसली तर सोडून द्या. तळाला आडवी सुरकुती असेल तर ती कापून त्या जागी पॅच मारून घ्या. एखाद्या ठिकाणी अस्तर मऊ, पांढुरकं किंवा आत फुगलेलं दिसलं तर रेझिन तिथे नीट पिकलेलं नाही किंवा धुऊन गेलंय. तोही तुकडा बदलायचा. चेंबरमध्ये अस्तर आणि जुना पाइप यांच्या फटीतून पाणी झिरपत असेल तर टोकं सील केलेली नाहीत.

हे रेकॉर्डिंग हातात येईपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नका, आणि दिल्यावर ते सेक्रेटरीच्या मोबाइलमध्ये न ठेवता सोसायटीच्या फाइलमध्ये ठेवा. सोबत सफाईवाल्याला सांगून ठेवा की या लाइनमध्ये भाल्यासारख्या टोकाचा रॉड आणि बांबूची फाटी घालायची नाही. चार इंची पाइपातलं अस्तर जेमतेम ३ मिलिमीटर जाडीचं असतं. चेंबरच्या झाकणावर आतून रंगाने लिहिलं तर उत्तम, कारण सफाईवाला दरवर्षी बदलतो.