पिकअपवर भाडं मारायचंय? आधी नंबर प्लेट बघा

घरची पिकअप उभीच असते, सुट्टीच्या दिवशी एखाद-दोन भाडी मारू, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण पांढऱ्या प्लेटच्या गाडीने पैसे घेऊन माल नेता येत नाही. आरटीओत व्यावसायिक नोंद करून पिवळी प्लेट घ्या आणि विमाही बदला. खासगी पॉलिसीवर भाड्याच्या फेरीत अपघात झाला तर कंपनी दावा नाकारू शकते. मागे ट्रॉली जोडणार असाल तर तिचीही नोंदणी वेगळी लागते.

दर सांगताना नुसतं डिझेल मोजू नका. टायर, हप्ता आणि मुख्य म्हणजे रिकामी परतफेरी धरा. समजा नागपूरच्या कळमना बाजारातून जवळच्या बुटीबोरीला माल टाकायचा असेल तर निघण्याआधीच तिथल्या एमआयडीसीतून परतीचं भाडं बघून ठेवा. खरी कमाई त्यातच आहे. हमाली कोणाची, गाडी खोळंबली तर किती, हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. ओळखीचा माणूस असेल तर नक्कीच!

संत्र्याच्या हंगामात व्यापारी म्हणतो, "अजून चार क्रेट बसतात ना भाऊ." बसतात, पण मोटार वाहन कायद्यात जादा वजनाला २०,००० रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनामागे २,०००.