लळिंग तर छोटाच आहे, एक बाटली पुरे! मित्रांसोबतच्या पहिल्या चढाईत या चुका टाळा

धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गाने दक्षिणेला निघालं की थोड्याच वेळात लळिंगचा किल्ला दिसतो. चढ फार तर तासाभराचा. त्यामुळे पाच मित्र, दोन गाड्या आणि सगळ्यांत मिळून दोन बाटल्या पाणी अशा थाटात मंडळी निघतात. खानदेशात पहिल्यांदा डोंगर चढणाऱ्यांची गडबड होते ती इथेच. लळिंग, सोनगीर, भामेर हे किल्ले उंचीला मोठे नाहीत, पण उघडेबोडके आहेत. दहानंतर कातळ तापतो आणि उष्णता वरून उन्हाची, खालून दगडाची अशी दोन्हीकडून लागते. पुण्याकडच्या ट्रेकची यादी डोळ्यांसमोर ठेवून पिशवी भरली की रेनकोट येतो आणि टोपी घरी राहते.

हंगामाचं गणित सोपं आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा मध्य उत्तम. पावसाळ्यात डोंगर देखणे दिसतात, पण कातळावर शेवाळ धरतं आणि नवख्यांचा पाय तिथेच सरकतो. ऑक्टोबरचं ऊन फसवं असतं. होळीनंतर नवख्यांना वर नेऊच नये.

पाणी आणि मीठ

हिवाळ्यात अर्ध्या दिवसाच्या चढाईला माणशी तीन लिटर पाणी धरा, ऑक्टोबरमध्ये चार. एक लिटर म्हणजे एक किलो, म्हणून ओझ्याची कुरकुर होते आणि मग सगळ्यांचं पाणी एका दणकट मित्राच्या पाठीवर चढतं. ही मोठी चूक. तो दणकट मित्र हमखास पुढे निघून जातो आणि मागे दमलेल्याजवळ घोटभरही पाणी उरत नाही. ज्याचं पाणी त्याच्याच पाठीवर हवं.

तहान लागेपर्यंत थांबू नका. दर वीस मिनिटांनी पाच-सहा घोट पुरे. एकदम अर्धा लिटर ढोसलं की पोटात डुचमळतं आणि चढताना मळमळ सुरू होते. एकूण पाण्यातला एक तृतीयांश भाग उतरण्यासाठी शिल्लक ठेवायचा. वर पोहोचल्याच्या आनंदात नेमका तोच संपतो.

नुसतं पाणी पीत राहिल्यानेही बिघडतं. घामातून मीठ जातं, ते भरून निघालं नाही तर डोकं दुखतं, अंगात त्राण राहत नाही. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच मिसळा, अर्ध्या बाटलीत नको. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, छोटा. सोबत कळण्याची भाकरी, थोडा ठेचा, शेंगदाणे, गूळ. केळी न्यायची तर डब्यात, नाहीतर बॅगेत शिकरण होतं. वेफर्स आणि थंड पेयांवर चढ निभत नाही.

किल्ल्यावरच्या टाक्यातलं पाणी मिळेल या भरवशावर निघू नका. उन्हाळ्याकडे बरीच टाकी आटतात, आणि जे पाणी उरतं ते कपड्याने गाळलं तरी त्यातले जंतू जात नाहीत. प्यायचंच असेल तर उकळा किंवा क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबा.

पोटरीत गोळा आला तर बसून पाय सरळ करा, पायाची बोटं नडगीकडे ओढून धरा आणि ओआरएस द्या. कुणी गरगरतंय म्हणालं तर चढ तिथेच थांबवायचा. त्याला बसवा, दोघांनी उपरणं धरून सावली करा, मान आणि काखेत ओलं फडकं ठेवा. माणूस असंबद्ध बोलायला लागला किंवा अंग तापूनही घाम थांबला, तर तो उष्माघात समजा. अंग ओलं करून वारा घालत राहा, 108 ला फोन करा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं.

वेग कुणाचा?

सर्वांत हळू चालणाऱ्याचा. वाट ओळखणारा एक जण पुढे, एक भरवशाचा सगळ्यात मागे, आणि या मागच्याच्या मागे कुणी राहायचं नाही. वाट फुटली की शेवटचा येईपर्यंत पुढच्यांनी थांबायचं. पण एक खोडी सगळीकडे दिसते: पुढचे बसून आराम करतात आणि मागचा धापा टाकत पोहोचला की लगेच उठून चालू लागतात. म्हणजे ज्याला विश्रांतीची गरज, त्यालाच ती मिळत नाही. तो आल्यावर पाच मिनिटं मोजा. चढताना दोन वाक्यं सलग बोलता येत नसतील तर वेग जास्त आहे.

वाट चुकण्याचं कारण

बहुतेकदा ढोरवाट. गुरांच्या वाटा रुंद आणि मळलेल्या दिसतात, पण त्या डोंगराला आडव्या फिरतात आणि झुडपात विरतात. दहा मिनिटं चालूनही उंची वाढत नसेल तर शेवटच्या खात्रीच्या खुणेपर्यंत मागे या, मधूनच सरळ वर घुसू नका. गुराखी भेटला तर विचारा, “भाऊ, वर जावानी वाट कोठे शे?” त्याने अर्धा तास सांगितला तर तुम्ही दीड तास धरा.

सातपुड्यातल्या अस्तंबा शिखराचं मात्र वेगळं. दिवाळीच्या यात्रेत रात्रीच्या वाटेवर माणसांची रांग असते, म्हणून ती सोपी वाटते. एरवी त्याच सातपुड्यात रात्री ना माणूस भेटतो ना नेटवर्क. तिथे आणि तोरणमाळच्या दऱ्यांत गावातला वाटाड्या घ्या, त्याची मजुरी आधी ठरवा. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीहून कन्हेरगडाला जाताना आपण गौताळा अभयारण्याच्या हद्दीत असतो, तेव्हा वन विभागाच्या चौकीवर विचारून निघा आणि दिवस कलायच्या आत बाहेर या.

कपडे, बूट, कुसळं

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गवत वाळतं आणि कुसळं मोज्यांत घुसतात. आखूड पँट घालून गेलेला मित्र निम्मा वेळ ती उपटत बसतो. पूर्ण लांबीची, पातळ, सैल पँट हवी. जीन्स घामाने जड होते आणि मांड्या घासते. बुटाचा तळ खाचांचा असावा, गुळगुळीत तळ मुरमावर गोट्यांवरून घसरावा तसा जातो. बूट नवे असतील तर आधी आठवडाभर घरी-दारी वापरा. नखं दोन दिवस आधी कापा, नाहीतर उतरताना अंगठ्याचं नख काळं पडतं. बाटली हातात नको, दोन्ही हात मोकळे हवेत.

उतरताना

पाय घसरतात ते बहुधा उतरताना, कारण मांड्या थकलेल्या असतात आणि लक्ष खाली उभ्या गाडीकडे गेलेलं असतं. घाबरून माणूस मागे रेलतो आणि त्यामुळेच टाच सुटते. गुडघे किंचित वाकवा, पावलं छोटी टाका, पूर्ण तळवा टेकवा. उभ्या घसाऱ्यावर एकाच्या बरोबर खाली दुसरा नको, दगड सुटला तर “दगड!” म्हणून ओरडा. डिसेंबरात सहाच्या आत सूर्य मावळतो, म्हणून परतीची वेळ निघतानाच ठरवा: शिखर आलं नाही तरी त्या वेळेला मागे फिरायचं. मोबाईलचा उजेड भरवशाचा नाही, दोघांत मिळून एक बॅटरी असू द्या.

तटबंदीच्या कडेवर चढून फोटो नको, चुना निसटलेला असतो. कड्याला आग्या मोहोळ दिसलं तर अत्तर, धूर, आरडाओरडा बंद. माश्या उठल्याच तर तोंड झाकून लांब पळा, हात झटकत उभे राहू नका. साप किंवा विंचू चावला तर चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही. चावलेला भाग हलू न देता सरळ दवाखाना गाठायचा.

आणि परतताना महामार्गावरच्या ढाब्यावर शेवभाजी भरपेट हाणून लगेच दुचाकीला किक मारू नका. दमलेल्या अंगाला जड जेवणाने झापड येते. जो गाडी चालवणार त्याने हलकं खायचं, अर्धा तास डोळे मिटायचे, आणि शेवभाजी पार्सल.