जुन्या मराठी फायली युनिकोडमध्ये आणताना या चुका टाळा

खान्देशातल्या पतसंस्था, दूध संघ आणि छापखान्यांच्या कपाटांत फ्लॉपी-सीडी अजून पडून आहेत. त्यांतला मजकूर फ्लॉपी-सीडी खराब झाल्याने जातो त्याहून जास्त वेळा माणसांच्या घाईमुळे जातो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे फाईल आधी साध्या टेक्स्टमध्ये सेव्ह करणं. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, पण कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये ‘मराठी’ हा शब्द ई, जे, के, कॅपिटल बी, एच अशा रोमन चिन्हांनी साठवलेला असतो. कुठला तुकडा मराठी आणि कुठला इंग्रजी, हे फक्त फॉन्टच्या नावावरून कळतं. टेक्स्ट केलं की ते नाव गेलं. रावेरकडच्या एका केळी उत्पादकांच्या यादीचं हेच झालं. आकडे आणि इंग्रजी रकाने एरियल फॉन्टमध्ये होते, कन्व्हर्टरने (जुनी चिन्हं युनिकोडमध्ये बदलणाऱ्या प्रोग्रॅमने) सगळंच कृतिदेव समजून फिरवलं. तिरपी रेघ कृतिदेवमध्ये ‘ध्’ असते, म्हणून ७/१२ चं झालं ‘७ध्१२’. मग कुणीतरी ‘रिप्लेस ऑल’ने सगळे ‘ध्’ काढून रेघा घातल्या. ‘मध्ये’चं ‘म/ये’ झालं, ‘अध्यक्ष’चं ‘अ/यक्ष’. मूळ फाईल तोवर पुसलेली. शेवटी छापील यादीवरून सगळं पुन्हा टाईप करावं लागलं.

म्हणून मूळ फाईलची प्रत आधी बाजूला, रीड-ओन्ली. वर्डमध्ये कंट्रोल-एच उघडून फॉन्टनिशी शोधायचं आणि कृतिदेवचेच तुकडे बदलायचे. ‘एका क्लिकमध्ये’ म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

दुसरी चूक इतकी सर्रास होते की चीड येते: ‘शेतकऱ्यांना’चं ‘शेतकर्यांना’. युनिकोडमध्ये इथे ऱ, हलन्त (पाय मोडायचं चिन्ह), य असा क्रम लागतो. हिंदीसाठी बनवलेले कन्व्हर्टर साधा र घालतात. इथेही ‘रिप्लेस ऑल’ नको, नाहीतर ‘सूर्या’चा ‘सूऱ्या’ होईल. ‘र्य’ शोधा आणि एकेक डोळ्यांनी बघून बदला. कंटाळवाणं आहे, पण दुसरा खात्रीचा मार्ग नाही. पूर्ण फाईल फिरवण्याआधी ‘शेतकऱ्यांना, दऱ्या, पूर्वी, सूर्या, ७/१२’ एवढी ओळ फिरवून तपासायची. ‘पूर्वी’ यासाठी की कृतिदेवमध्ये रफार वेलांटीच्याही नंतर येतो, युनिकोडमध्ये तो ‘व’च्या आधी जायला हवा.

श्रीलिपी, आकृती, डीव्हीबी-टीटी या इतर जुन्या फॉन्टचे नकाशे, म्हणजे कुठल्या चिन्हाला कुठलं अक्षर ते, वेगवेगळे. एकाचा कन्व्हर्टर दुसऱ्याला लावू नका.

जिस्ट कार्डाच्या (संगणकात भारतीय लिप्यांसाठी बसवायच्या कार्डाच्या) काळातल्या फायली बहुधा इस्कीत (भारतीय लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारं १९९१ चं मानक आयएस १३१९४) असतात. तिथे मराठी अक्षरं १६१ ते २५० या क्रमांकांत बसतात, आणि क्रम उच्चाराचाच असल्याने रूपांतर सोपं जातं. मात्र अक्षरामागे आठाऐवजी सातच बिट नेणाऱ्या जोडणीवरून त्या पाठवू नका. ‘क’ १७९ आहे. आठवा बिट कापला की ५१ उरतो, म्हणजे पडद्यावर आकडा ३. नंदुरबारकडे अशी फाईल गुजराती अक्षरांत उघडली तर ती बिघडलेली नाही. इस्कीत दोन्ही लिप्यांना क्रमांक एकच आहेत, लिपीची सेटिंग देवनागरी करा.