स्पॅनिशमधलं 'लागतं' आन् 'पाहिजे'

स्पॅनिश शिकायलेत त्यांच्यासाठी एक सांगतो, 'मला लातूरला जावं लागतंय' म्हणताना आपलं डोकं आधी 'मला' शोधतं आन् तिथंच गाडी अडकते, कारण स्पॅनिशमध्ये इथं 'मला' नाहीच, सरळ 'मी' धरून क्रियापद फिरवायचं: तेंगो के इर आ लातूर. तू असलास तर तिएनेस के, आम्ही असलो तर तेनेमोस के, आन् 'के'च्या पुढचं क्रियापद मूळ रूपातच राहतं, त्याला हात लावायचा नाही.

देबो इर म्हणलं की ते आपल्या 'जायला पाहिजे'च्या जवळ जातं, म्हणजे कर्तव्य वगैरे. सल्ला द्यायचा तर देबेरियास, जरा मऊ पडतं.

मला सगळ्यात आवडतं ते आय के. कोणी करायचं ते सांगायचंच नाही! नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, मग घरात काय म्हणतात, 'पाणी भरून ठेवावं लागतं बाबा', कोणाचं नाव नाही, पण ज्याला कळायचं त्याला कळतं. अगदी तेच: आय के ग्वार्दार आग्वा. हे सगळ्यांसाठी एकच रूप, फिरवायची कटकटच नाही.

फक्त 'नो' लावताना जपून. नो तिएनेस के बेनीर म्हणजे 'यायची गरज नाही', आन् नो देबेस बेनीर म्हणजे 'येऊ नकोस'. मी एकदा पाहुण्याला दुसरं लिहून बसलो, पाठवायच्या आधी दिसलं म्हणून वाचलो.