पंकसाठी स्वस्त आणि हटके बास कसा निवडावा

पंक, म्हणजे वेगवान, कर्कश रॉक, वाजवायला स्वस्त बास गिटार घेताना एक गोष्ट आधी डोक्यात पक्की हवी: आकार नंतर बदलता येत नाही. रंग, पिकगार्ड (बॉडीवरची प्लास्टिकची पाटी), पिकअप (तारांचा कंप पकडणारं चुंबक), खुंट्या हे सगळं पुढेमागे थोड्या पैशांत बदलता येतं. बॉडीचा आकार, स्केल (तारेची वाजणारी लांबी) आणि नेक (फ्रेट, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्या, असलेला लांब दांडा) मात्र जे घ्याल तेच राहणार. त्यामुळे पारख या तिघांची करायची. दुकानात तो काळा मिळतोय की लाल, हा प्रश्न सगळ्यात शेवटी.

पंकमध्ये बासकडून मागणं थोडंच असतं, पण त्यात तडजोड चालत नाही. १८० बीपीएमच्या (मिनिटाला १८० बीट) गाण्यात एका बीटला दोन स्वर वाजवायचे म्हणजे सेकंदाला सहा फटके, तेही बहुतेक वेळा सगळे डाऊनस्ट्रोक, म्हणजे वरून खाली मारलेले. तो फटका कर्कश गिटारच्या भिंतीतून ऐकू यायला हवा, बास अंगावर स्थिर राहायला हवा आणि आपटला-धोपटला तरी सूर टिकायला हवा. एक व्हॉल्यूम आणि एक टोन, एवढ्या दोन नॉबवर काम भागतं. ॲक्टिव्ह, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या, सर्किटच्या मागे लागू नका. बऱ्याचशा ॲक्टिव्ह बासमध्ये ९ व्होल्टची बॅटरी संपली की आवाजच बंद होतो, आणि ती संपते नेमकी कार्यक्रमात.

आवाजाचं माप म्हणजे फेंडर कंपनीचा प्रिसिजन बास. तो १९५१ साली आला आणि १९५७ मध्ये त्याला दोन तुकड्यांचा स्प्लिट पिकअप मिळाला. रमोन्सचा डी डी रमोन, सेक्स पिस्टल्सचा सिड व्हिशस या पंक वादकांच्या गळ्यात तोच असायचा. १९७९ साली न्यूयॉर्कच्या पॅलेडियममध्ये द क्लॅशच्या पॉल सिमननने स्टेजवर आपटून फोडला तोही प्रिसिजनच. या पिकअपचे दोन अर्धे एकमेकांचा हम (विजेची गुणगुण) खोडतात, त्यामुळे खराब वायरिंगच्या हॉलमध्येही तो शांत राहतो. शिवाय मिड्स (आवाजातला मधला पट्टा) भरपूर असतात, आणि पंकचा बास ऐकू येतो तो मिड्समुळेच. फेंडरच्याच जॅझ बासच्या पद्धतीचे दोन सिंगल कॉइल (एकाच गुंडाळीचे) पिकअप दोन्ही सारखे उघडे असतील तर हम जातो, एकच उघडा ठेवला की येतो. पीजे, म्हणजे एक प्रिसिजनचा (पी) आणि एक जॅझचा (जे), अशा जोडीत दोन्ही पूर्ण उघडले तर मिड्स थोडे पोकळ होतात. जे पिकअप बंद ठेवून वाजवा, की हाती साधा प्रिसिजनच उरतो. म्हणून आकार कितीही चित्रविचित्र घ्या, त्यात पी पिकअप असेल तर निम्मं काम झालं. बदली पिकअपही सहज मिळतो, लाकूड कोरावं लागत नाही. वेगळ्या मापाचे पिकअप असलेल्या बासला ही सोय नसते.

आता आकार. थंडरबर्ड (मूळ गिब्सनचा, १९६३), एक्सप्लोरर, व्ही, रिकनबॅकरसारखा, व्हायोलिनसारखा, डॅनइलेक्ट्रोचा दोन लांब शिंगांचा लाँगहॉर्न: या सगळ्यांच्या स्वस्त आवृत्त्या किंवा त्यांच्या धर्तीवरचे बास सापडतात. प्रत्येक आकार आपली किंमत कुठेतरी वसूल करतो. व्ही मांडीवर बसत नाही, घसरतो. घरी बसून सराव करणाऱ्याने हे लक्षात घ्यावं. एक्सप्लोरर आणि थंडरबर्ड नेहमीच्या गिग बॅगेत मावत नाहीत, म्हणून बॅगेचे पैसे बासच्या किमतीतच धरा. थंडरबर्डच्या तीन स्क्रूंच्या ब्रिजवर (बॉडीवर तारा अडकतात तो भाग) तारांची उंची आणि इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर लागणं) जुळवणं किचकट असतं.

सगळ्यात मोठी भानगड म्हणजे नेक डाइव्ह. हात सोडला की हेडस्टॉक (नेकचं खुंट्यांचं टोक) जमिनीकडे झुकतो, मग डावा हात सूर धरायचा सोडून नेक तोलत बसतो. कारण साधं आहे. प्रिसिजनचं वरचं शिंग बाराव्या फ्रेटपर्यंत पुढे आलेलं असतं आणि पट्ट्याचं बटण त्याच्या टोकावर असतं. थंडरबर्डला असं लांब शिंग नाही. बऱ्याच मॉडेलवर बटण नेकच्या बुडाशी मागे असतं, आणि पलीकडे लांब नेक व जड खुंट्या. म्हणून बास बसून बघू नका. उभे राहा, पट्टा स्टेजवर ठेवता तेवढाच लांब करा, गुळगुळीत कापडाचा शर्ट घाला आणि दोन्ही हात सोडा. नेक आडवा किंवा थोडा वर राहिला तर उत्तम. हळूहळू खाली सरकला, तर सात-आठ सेंटिमीटर रुंद, आतून खरखरीत चामड्याचा पट्टा लावून भागतं. त्यावरही झुकत असेल तर हलक्या खुंट्या बसवा; चारांत मिळून शंभर ग्रॅमच्या वर वजन उतरतं, आणि ते तरफेच्या टोकावरून उतरतं म्हणून फरक जाणवतो. बॉडीत शिसं भरण्याचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका. तोल साधतो, पण खांदा जातो. बास गुडघ्यापर्यंत लोंबवायचा असेल तर त्याच उंचीवर पहिल्या फ्रेटपर्यंत हात पोहोचतो का, मनगट मोडून वाजवावं लागतं का, हेही तेव्हाच कळतं.

शॉर्ट स्केल हा स्वस्तातला चांगला पर्याय आहे. फेंडर मस्टँग बास (१९६६) ३० इंचांचा, तर प्रिसिजन ३४ इंचांचा. लहान स्केलचा बास साधारणपणे हलका, बोटांना सोपा आणि उंचीने कमी असलेल्यांना सोयीचा. तोटा सगळ्यात जाड, खालच्या सुराच्या ई तारेत. ताण कमी असल्यामुळे जोरात पिक मारला की सुरुवातीला सूर क्षणभर चढतो आणि तार फ्रेटवर खडखडते. त्यावर ०.०५० ते ०.१०५ इंचांचा जाड सेट लावा, पण तो शॉर्ट स्केलसाठी बनवलेलाच हवा. लांब स्केलच्या जाड तारेचा पूर्ण जाडीचा भाग खुंटीवर गुंडाळला गेला तर ती तिथेच तुटू शकते. ट्यूनिंग खाली उतरवून वाजवणाऱ्यांनी मात्र ३४ इंचच घ्यावा.

वापरलेला बास बघताना सुरुवात नेकपासून करा. हेडस्टॉककडून ब्रिजकडे नेकच्या दोन्ही कडा नजरेच्या रेषेत धरा. कडा समांतर दिसल्या नाहीत तर नेक पिळवटला आहे, तो बास खाली ठेवा. मग ई तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून सातव्या फ्रेटपाशी फट बघा. ०.३ मिलिमीटरच्या आसपास हवी. जास्त असेल तर ट्रस रॉडचा (नेकच्या आतली, त्याचा बाक जुळवणारी सळई) नट एका वेळी पाव फेरीच फिरवून, विकणाऱ्याच्या परवानगीने, नेक हलतो का ते पाहा. नट आधीच पूर्ण आवळलेला असून नेक तरीही वाकडा असेल, तर पुढे दुरुस्तीला वाव नाही. हेडस्टॉक मागे कललेला असलेल्या बासमध्ये नटच्या (इथे नट म्हणजे तारा बसतात ती हेडस्टॉकजवळची खाचांची पट्टी) मागच्या बाजूला बोट फिरवा आणि उजेडात केसासारखी भेग शोधा. पडलेले बास तिथेच मोडतात, आणि त्यावर नवा रंग मारलेला असतो.

प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट वाजवा. ‘जी’ या सगळ्यात बारीक तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर लवकर मरतो, हे चांगल्या बासमध्येही होतं; पंकमध्ये ते चालून जातं. सलग दोन-तीन फ्रेट खडखडत असतील तर फ्रेट झिजलेत किंवा उचललेत, त्याचा खर्च धरा. जॅकमध्ये केबल हलवा, नॉब फिरवा. खरखर झाली तर बहुधा पॉट (नॉबखालचा फिरणारा भाग) साफ करून जाते, आवाज तुटत असेल तर जॅक बदला. दोन्ही दुरुस्त्या किरकोळ आहेत, पण भाव करायला उपयोगी. तारांना हात लावल्यावर हम कमी झाला तर अर्थिंग ठीक. काहीच फरक पडला नाही तर ब्रिजखालची अर्थची वायर तुटलेली असू शकते. ब्रिजचे स्क्रू लाकडातून उपटून येत असतील तर मात्र विचार करा.

बजेटचा साधारण पाचवा हिस्सा पट्टा, ०.०४५–०.१०५ च्या निकेल राउंडवाउंड (गोल तारेचं वेटोळं असलेल्या) तारा आणि सेटअपसाठी (तारांची उंची, नेक वगैरे जुळवून घेणं) बाजूला ठेवा. बाराव्या फ्रेटवर ई तार २.५ आणि ‘जी’ तार २ मिलिमीटर उंच, हे स्वस्त बासला साजेसं माप. तार याहून फार खाली उतरवलीत तर जोरदार पिकिंगला खडखडाट होणारच.

राहिलं रूप. साधा प्रिसिजन घेऊन तो हटका करणं, हा सगळ्यात कमी जोखमीचा मार्ग आहे. पिकगार्ड बदलताना मात्र भोकं जुळतील असं गृहीत धरू नका. एका ब्रँडचा पिकगार्ड दुसऱ्याच्या बासवर दोन-तीन भोकं चुकवतो, म्हणून जुना काढून नव्यावर ठेवून बघा. रंगवायचा असेल तर नेक, ब्रिज, पिकअप सगळं काढा आणि अर्थची वायर कुठून आली त्याचा फोटो घ्या. मूळ पॉलिश लाकडापर्यंत खरवडायची गरज नाही. ३२० आणि मग ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने चमक घालवली की पुरे. नेक बसते ती खाच टेपने झाका. तिथे रंगाचे थर बसले तर नेक पूर्ण आत जात नाही, आणि जोरात आवळली तर कडेचा रंग तडकतो. स्प्रेचे पातळ थर द्या. एकच जाड थर दिला तर ओघळतो आणि आतून ओला राहतो. हाताला कोरडा लागला तरी दोन-तीन आठवडे तसाच टांगून ठेवा. नाहीतर ब्रिजचा पत्रा मऊ रंगात रुतेल आणि पहिल्याच सरावाला पट्ट्याचा ठसा उमटेल.